नियोजन समितीच्या बैठकीला निवेदन घेऊन जाण्याआधी

जिल्हा नियोजन समितीची बैठक असली की जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात आपली पोरं हमखास दिसतात. हातात लेटरहेडवरचं निवेदन, गळ्यात निळा गमछा, सोबत फोटो काढायला एक जण. पालकमंत्री गाडीतून उतरतात, निवेदन घेतात, स्वीय सहायकाच्या हातात देतात आणि आत जातात. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो. ‘भीमनगरच्या रस्त्याचा आणि नालीचा प्रश्न मार्गी लागणार.’ पुढच्या पावसाळ्यात त्याच भीमनगरात त्याच ठिकाणी गुडघाभर चिखल असतो.

मीही अशी निवेदनं दिली आहेत. त्यामुळे हे लिहिताना कुणाची टिंगल करायचा हेतू नाही. मात्र गेली काही वर्षं वस्त्यांच्या कामांच्या फायलींमागे फिरताना एक गोष्ट लक्षात आली. ज्या दिवशी आपण निवेदन देतो, त्या दिवशी त्या वर्षाचा निर्णय जवळपास झालेला असतो. आणि ज्या समितीला आपण नालीसाठी निवेदन देतो, ती समिती नालीवर निर्णय घेतच नाही. मग ती करते काय, आणि आपली नाली ठरते कुठे?

समिती कुणाची?

७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात कलम २४३ झेडडी आलं. ग्रामपंचायती, पंचायत समित्या, जिल्हा परिषद आणि नगरपालिका यांनी केलेले आराखडे एकत्र करून साऱ्या जिल्ह्याचा एक आराखडा तयार करण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात एक समिती असावी, असं हे कलम सांगतं. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे, तेही ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात. महाराष्ट्राने यासाठी १९९८ मध्ये वेगळा कायदा केला. अध्यक्ष पालकमंत्री, सदस्य सचिव जिल्हाधिकारी. कागदपत्रांचं सगळं काम जिल्हा नियोजन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चालतं.

कागदावर ही रचना खालून वर जाणारी आहे. प्रत्यक्षात काय होतं ते आपण पाहतोच. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि प्रशासक आला. ज्यांनी निवडून जाऊन समितीत बसायचं, ते सदस्यच उरले नाहीत. समितीच्या बैठका थांबल्या नाहीत, पण टेबलाभोवती उरले ते मंत्री, आमदार, खासदार आणि अधिकारी. एखाद्या गटातून निवडून आलेली आपली बाई किंवा आपला पोरगा तिथे उभा राहून ‘आमच्या वस्तीचं काय?’ असं विचारू शकेल, ती जागा रिकामी राहिली. या काळात किती वस्त्यांची नावं मागे पडली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

इथे बाबासाहेबांची आठवण येते. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांना पंचायतीत स्वतंत्र प्रतिनिधित्व देण्याचा आग्रह धरला होता. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी गावाला आदर्श मानणाऱ्यांचा खरपूस समाचार घेतला. गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि जातीयतेचं घर, हे त्यांचं मत आपल्याला पाठ आहे. पण गावावर विश्वास नाही म्हणून आपण ग्रामसभेत जायचंच सोडलं, हा त्या भाषणाचा उलटा अर्थ झाला. त्यांनी १९३२ मध्ये प्रतिनिधित्व मागितलं होतं ते आत बसण्यासाठीच.

समिती ठरवते ते आकडे

जिल्हा वार्षिक योजनेचे तीन भाग असतात. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना आणि आदिवासी क्षेत्राबाहेरील उपयोजना. दुसरा भाग आपल्या कामाचा. जुने कार्यकर्ते त्याला अजून ‘विशेष घटक योजना’ म्हणतात. कागदावर कधी ‘उपयोजना’ असतं, कधी ‘घटक कार्यक्रम’. नाव बदलतं, पैसा तोच. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढून ठेवायचा, या विचारातून सहाव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात हे सुरू झालं.

समितीपुढे येते ती योजनानिहाय तक्त्यांची जाड पुस्तिका. कोणत्या योजनेला किती नियतव्यय, गेल्या वर्षी किती मिळाले, किती खर्च झाले, पुढच्या वर्षी किती हवेत. वस्ती विकास इतके कोटी, शेती योजना इतके, शिष्यवृत्ती इतके. समिती या रकान्यांना मान्यता देते. कोणत्या गावच्या कोणत्या गल्लीत नाली, हे त्या पुस्तिकेत नसतं. त्यामुळे भीमनगरच्या नालीचं निवेदन समितीत गेलं, तरी फार तर ते ‘नियमानुसार कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून संबंधित खात्याकडे पाठवलं जातं. तिथे ते इतर पत्रांच्या ढिगात पडतं.

मग समितीत आपण काय मागायचं? तर आकडा. गेल्या वर्षी वस्ती विकासाला मंजूर झालेल्यापैकी किती खर्च झाला, डिसेंबरअखेर किती टक्के, बृहत आराखड्यातली किती कामं निधीअभावी अडली आहेत आणि त्यासाठी वाढीव मागणी का केली नाही. हे विचारणारं एक पानाचं पत्र ‘समाजमंदिर द्या’ या पत्रापेक्षा अधिकाऱ्यांना जास्त अवघड जातं. कारण त्याला उत्तर द्यायला तक्ता उघडावा लागतो.

या सगळ्याला ठरलेलं वेळापत्रक आहे. पावसाळा संपता संपता नियोजन विभाग प्रत्येक जिल्ह्याला पुढच्या वर्षाची आर्थिक मर्यादा कळवतो. त्या मर्यादेत राहून खाती आपापल्या मागण्या देतात. हिवाळ्यात प्रारूप आराखडा तयार होतो, छोट्या गटात छाननी होते, मग समितीची मोठी बैठक होते. त्यानंतर विभागाच्या पातळीवर वित्तमंत्र्यांसमोर जिल्हाधिकारी वाढीव मागणी मांडतात. आपल्या मराठवाड्यासाठी ती बैठक बहुधा छत्रपती संभाजीनगरला होते. मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प येतो आणि आकडा पक्का होतो. म्हणजे जानेवारीतल्या बैठकीच्या दाराशी आपण उभे असतो, तेव्हा मर्यादा येऊन गेलेली असते, खात्यांच्या मागण्या गेलेल्या असतात आणि छाननीही झालेली असते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र त्या दारात आपल्यापैकी कुणीच नसतं.

नाली ठरते गावात

वस्तीच्या कामांची मुख्य योजना म्हणजे ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करणे’. लोक अजून ‘दलित वस्ती’च म्हणतात, कारण १९७४ पासून ती दलित वस्ती सुधार योजना म्हणून चालत आली. पाणी, नाल्या, अंतर्गत रस्ते, दिवे, शौचालयं, समाजमंदिर ही तिच्यातली कामं. ५ डिसेंबर २०११ च्या शासन निर्णयाने वस्तीच्या लोकसंख्येनुसार अनुदानाची कमाल मर्यादा ठरवली. १० ते २५ लोकसंख्येच्या वस्तीला २ लाख, २६ ते ५० ला ५ लाख, ५१ ते १०० ला ८ लाख, १०१ ते १५० ला १२ लाख, १५१ ते ३०० ला १५ लाख आणि त्यावर २० लाख. पुढच्या निर्णयांनी असे आकडे बदलतात, म्हणून बोलायला जाण्याआधी ताजा शासन निर्णय काढून वाचायचा. रचना मात्र तीच राहते. वस्तीची लोकसंख्या किती, यावर पैसा ठरतो.

आणि कोणत्या वस्तीत कोणतं काम, हे ठरतं बृहत आराखड्यात. हा आराखडा पाच वर्षांचा असतो. आत्ताचा २०२३-२४ ते २०२७-२८ चा. ग्रामसभेचा ठराव होतो, ग्रामपंचायत यादी करते, पंचायत समितीतून गटविकास अधिकाऱ्यांमार्फत ती जिल्हा परिषदेच्या समाज कल्याण विभागाकडे जाते आणि तिथे मान्य होते. पुढची पाच वर्षं दरवर्षीच्या निधीतून या यादीतलीच कामं निवडली जातात. ज्या वस्तीचं नाव किंवा ज्या कामाचं नाव यादीत नाही, त्यासाठी तुम्ही कितीही मोठ्या नेत्याचं पत्र आणा, पहिला प्रश्न हाच येतो, ‘आराखड्यात आहे का?’

माझ्या ओळखीच्या किती कार्यकर्त्यांनी आपल्या गावचा बृहत आराखडा पाहिला आहे? मी एका शिबिरात हा प्रश्न विचारला. चाळीसेक जण होते. तीन हात वर झाले, आणि त्यातला एक जण ग्रामपंचायत सदस्य होता.

जिल्ह्यातल्याच एका गावातली गोष्ट. गावाचं नाव घेत नाही, तिथल्या लोकांना पुढेही त्याच कार्यालयांत जायचं आहे. वस्ती साधारण सत्तर घरांची. मुख्य गावातून सिमेंटचा रस्ता येतो आणि वस्तीच्या तोंडाशी संपतो. आत मातीचा रस्ता, सांडपाणी उघड्यावर, आणि ते पाणी विहाराच्या पायरीपर्यंत येतं. पौर्णिमेला वंदनेसाठी येणाऱ्या आयाबाया साडी उचलून धरत आत येतात. तीन वर्षं निवेदनं झाली. शेवटी आम्ही फाईल शोधायची ठरवलं. फाईल होती. ती पंचायत समितीच्या टेबलावर त्रुटीत पडली होती.

त्रुटी काय, तर तीन. पहिली, लोकसंख्येच्या दाखल्यात वस्तीची लोकसंख्या शंभराच्या आत दाखवली होती. प्रत्यक्षात माणसं त्याच्या तिप्पट. जुना दाखला पाहून कुणीतरी नवा लिहिला होता. दुसरी, ठरावात वस्तीचं नाव ‘भीमनगर’ आणि आराखड्यात जुनं जातिवाचक नाव, म्हणून ‘सदर वस्ती आराखड्यात आढळून येत नाही’. तिसरी, काम दुसऱ्या योजनेतून झालेलं नसल्याचा दाखला जोडलेला नव्हता. तिन्ही गोष्टी गावात बसून आठवड्यात निस्तरण्यासारख्या. पण त्रुटीचं पत्र ग्रामपंचायतीला गेलं होतं आणि ते वस्तीला सांगावं असं तिथे कुणाला वाटलं नव्हतं.

नावाच्या मुद्द्यावर एक सांगायला हवं. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला आणि ११ डिसेंबरला शासन निर्णय निघाला. ‘समतानगर’, ‘भीमनगर’ अशी नावं त्यातूनच कागदावर येऊ लागली. चांगला निर्णय. पण ज्या गावांनी नाव बदललं, तिथे जुनं आणि नवं नाव एकाच वस्तीचं आहे असा एक ओळीचा ठराव प्रस्तावाला जोडून ठेवा. नाहीतर जात कागदावरून गेली आणि तिच्यासोबत नालीही गेली, असं व्हायचं.

प्रस्तावात साधारण काय लागतं? ग्रामसभेचा ठराव, वस्तीच्या लोकसंख्येचा दाखला, आराखड्यातल्या नोंदीचा उतारा, जागेचा कागद, शाखा अभियंत्याने केलेलं अंदाजपत्रक, काम दुबार नसल्याचा दाखला आणि जागेचे फोटो. रस्ता-नालीला जागेची फारशी अडचण येत नाही. समाजमंदिर, अभ्यासिका किंवा सभागृह म्हटलं की जागा आडवी येते. सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ लागतो, आणि मराठवाड्यात आपल्या कित्येक वस्त्या गायरानाच्या कडेने वसलेल्या आहेत. ज्या जमिनीसाठी आपल्या आजोबांनी मार खाल्ला, ती अजून कुणाच्या नावावर आहे हे तलाठ्याकडे जाऊन पाहिल्याशिवाय इमारतीचा प्रस्ताव लिहू नये. जागेचा प्रश्न आधी, इमारतीचा नंतर. हा क्रम उलटा केल्यामुळे मंजूर इमारतीचा निधी परत गेल्याची उदाहरणं बहुतेक तालुक्यांत सापडतील.

ग्रामसभा आणि तहकूब सभा

वर्षात चार ग्रामसभा व्हायच्या असतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही पळवाट गावातल्या जाणत्यांना बरोबर माहीत आहे. पहिल्या सभेला कुणी येऊ नये याची ‘व्यवस्था’ होते, दुसऱ्या सभेला दहा-पंधरा जण बसतात आणि वर्षाचा विकास आराखडा मंजूर होतो. त्यात आपल्या वस्तीचं काम शेवटी असतं किंवा नसतंच.

सत्तर घरांच्या वस्तीतून शंभर माणसं सभेला येणं अवघड आहे का? जयंतीच्या मिरवणुकीला येतातच ना. भगवान बुद्धांनी वज्जींच्या अभ्युदयाची जी कारणं सांगितली, त्यात पहिलंच होतं वारंवार एकत्र जमणं आणि एकोप्याने बसून निर्णय घेणं. वंदनेनंतर विहारात हे आपण ऐकतो. १५ ऑगस्टला सकाळी झेंडावंदन झाल्यावर मात्र घरी निघून येतो आणि ग्रामसभा दुपारी होते.

ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ती बहुतेक ठिकाणी सह्यांच्या वहीतच होते. वस्तीतल्या बचत गटाच्या बायकांनी ती प्रत्यक्ष घ्यायला लावली, तर काय बदलतं ते मी वर सांगितलेल्या गावात पाहिलं. पुरुष मंडळींच्या यादीत पहिलं नाव कमानीचं होतं. बायकांनी पहिलं नाव नालीचं घातलं, दुसरं दिव्याच्या खांबाचं. कमान सातव्या क्रमांकावर गेली. वाद झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

माझं मत विचाराल तर, मागण्यांच्या यादीत समाजमंदिर आणि कमान यांचं ओझं आपण फार वाढवलं आहे. कमान ही अस्मितेची गोष्ट आहे, हे मान्य. ज्या गावात कमानीवर बाबासाहेबांचं नाव येऊ नये म्हणून दंगल होते, तिथे ती उभारणं हाही लढाच. पण बांधून कुलूप लावलेली समाजमंदिरं मी इतकी पाहिली आहेत की नवं मागण्याआधी जुन्यात वीज, पाणी आणि अभ्यासाला टेबलं मागावीत असं वाटतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वस्तीतली मुलं जालना-अंबडला खोल्या करून राहतात. त्यांचं भाडं कुणाच्या आईच्या सोयाबीन काढणीच्या मजुरीतून जातं, हे आपल्याला ठाऊक आहे.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के हिस्सा मागासवर्गीयांसाठी खर्च करायचा असतो, हेही त्याच ग्रामसभेत विचारून घ्यावं. रक्कम लहान असते, पण दिव्याचा खांब तेवढ्यात होतो आणि त्यासाठी जालन्याला यावं लागत नाही.

दोन ‘समाज कल्याण’

नवा कार्यकर्ता हमखास चुकतो ती जागा. जिल्ह्यात समाज कल्याणची दोन कार्यालयं असतात. एक जिल्हा परिषदेतलं, जिल्हा समाज कल्याण अधिकाऱ्यांचं. वस्ती विकासाची ग्रामीण कामं इथून चालतात. दुसरं राज्य शासनाचं, सहायक आयुक्तांचं, सामाजिक न्याय भवनातलं. शिष्यवृत्ती, वसतिगृहं आणि नियोजन समितीसाठी अनुसूचित जाती उपयोजनेचा प्रारूप आराखडा एकत्र करणं हे काम इथलं. नालीची चौकशी दुसऱ्या कार्यालयात केली तर ‘आमच्याकडे नाही’ हे उत्तर खरंच असतं. आणि एकूण निधी किती, परत किती गेला, हे पहिल्याकडे विचारलं तर पूर्ण चित्र मिळत नाही. शहराचं आणखी वेगळं. तिथली नागरी दलित वस्ती सुधारणेची कामं नगरपालिका किंवा महानगरपालिकेमार्फत जातात.

जालना शहराला ऑगस्ट २०२३ मध्ये महानगरपालिका मिळाली. शहरातल्या मित्रांनी इथे एक फरक ध्यानात ठेवावा. जिल्हा नियोजन समिती निधी वाटते. शहराचा विकास आराखडा, म्हणजे कुठे रस्ता, कुठे उद्यान, कुठे स्मशानभूमी, कोणत्या जागेवर सभागृहाचं आरक्षण, हा १९६६ च्या नगररचना कायद्याचा विषय. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती आणि सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. मग एक नियोजन समिती सुनावणी घेते, ज्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. या समितीपुढे मात्र तुमच्या वस्तीच्या, तुमच्या विहाराच्या जागेबद्दल थेट बोलता येतं. ते ३० दिवस निघून गेले आणि वस्तीवर रस्त्याचं आरक्षण पडलं, तर पुढची वीस वर्षं मोर्चे काढावे लागतात. नकाशा वाचता येणारा एक तरी मुलगा किंवा मुलगी प्रत्येक प्रभागात हवी. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली आपली पोरं कमी नाहीत.

मंजुरीनंतर

काम मंजूर झालं, पेपरात बातमी आली, म्हणजे झालं असं नाही. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ग्रामपंचायतीशी करारनामा किंवा निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग बिल. यात कुठेही फाईल थांबू शकते. जिल्हा परिषदेला मिळालेला निधी खर्च करायला पुढचं आर्थिक वर्षही मिळतं, म्हणून कुणाला घाई नसते. आणि दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये सगळ्यांनाच घाई होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये न खर्चलेल्या रकमांचं पुनर्विनियोजन होतं. ज्या योजनेत बचत, तिथून काढून दुसरीकडे. आपल्या वस्तीची फाईल त्रुटीत असते तेव्हा तिचा पैसा हिशेबात ‘बचत’ म्हणून दिसतो. हा शब्द मला नेहमी खटकतो. चिखलात राहून आपण शासनाची बचत करत असतो.

राजकारणाचा फटकाही इथेच बसतो. २०२२ मध्ये राज्यात सरकार बदललं आणि ४ जुलैला नियोजन विभागाने शासन निर्णय काढून १ एप्रिलनंतर जिल्हा नियोजन समित्यांनी मंजूर केलेली कामं नवे पालकमंत्री येईपर्यंत थांबवली. पालकमंत्री कोणत्या पक्षाचा, यावर गावातली नाली काही महिने लटकली. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी रुपये वळवल्यावर त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. अनुसूचित जातींच्या भगिनींनाच हा पैसा मिळतो, असं शासनाकडून सांगितलं गेलं. पण उपयोजनेचा हेतू सर्वांना मिळणाऱ्या लाभातला आपला वाटा आपल्याच खात्यातून भरण्याचा नव्हता. जे मागासलेपण जातीमुळे आलं, ते भरून काढायला वेगळा पैसा, हा तो हेतू.

आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने २०१३ मध्ये या निधीला संरक्षण देणारे कायदे केले, तेलंगणने २०१७ मध्ये. महाराष्ट्रातही अशा कायद्याची मागणी वर्षानुवर्षे होत आहे आणि ती रास्त आहे. पण कायदा झाला की सुटलो, असं समजू नये. कर्नाटकात कायदा असूनही २०२३ मध्ये हा निधी गॅरंटी योजनांकडे वळवल्याचा वाद पेटलाच.

मोजले गेलो तर

शेवटचा मुद्दा जनगणनेचा. उपयोजनेतला वाटा अनुसूचित जातींच्या लोकसंख्येवर ठरतो. २०११ च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती, त्यात अनुसूचित जाती सुमारे १४ टक्के. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाख ३१ हजार आली आणि त्यांपैकी अनुसूचित जाती म्हणून नोंदले गेले सुमारे ५२ लाख. उरलेले सगळेच अनुसूचित जातीचे असतील असं नाही. पण धर्माच्या रकान्यात अभिमानाने ‘बौद्ध’ लिहून जातीचा रकाना सोडून देणारी कितीतरी घरं मी स्वतः पाहिली आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, त्या जातीच्या नोंदीसह. जात सोडली, मग ती पुन्हा का लिहायची, हा प्रश्न आपल्या घराघरात आहे आणि तो खोटा नाही. माझ्याही घरात यावर भांडण झालं. धर्म बौद्ध, आणि अनुसूचित जात असेल तर तिचं नाव, दोन्ही रकाने वेगवेगळे आहेत, एवढं सांगून मी थांबले. २०२७ च्या जनगणनेत प्रगणक दारात येईल तेव्हा हा वाद मिटलेला असावा. उत्तर द्यायला मिनिटच मिळेल.

त्या सत्तर घरांच्या वस्तीचा दाखला पुन्हा काढला. त्यासाठी वस्तीतल्या दोन मुलींनी घरोघर जाऊन कुटुंबयादी केली, नावं, वयं, रेशनकार्ड क्रमांक. ग्रामपंचायतीने ती आधी नाकारली, मग मतदारयादीशी ताडून स्वीकारली. नावाचा ठराव झाला, तिसरा दाखला जोडला, फाईल जालन्याला गेली. नाली मंजूर झाली आहे, विहारापासून चौकापर्यंत. चौकापासून ओढ्यापर्यंतचा तुकडा अंदाजपत्रकात धरायचा राहून गेला, त्यामुळे पाणी आता चौकात साचेल. त्या तुकड्याचं अंदाजपत्रक पुढच्या ग्रामसभेआधी हातात हवं, म्हणून त्या मुली सध्या शाखा अभियंत्याला फोन करत आहेत.